एकाच अंगठ्याचे दोन आकडे: त्वचेला कंप किती कळतो हे नेमके कसे मोजतात?

औशाची लेक

नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, ६८ वर्षांचे असून औसा तालुक्यात शेती करतात आणि त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. डिसेंबरमध्ये जवळच्या बाजारगावी एका मंगल कार्यालयात मधुमेहींच्या पायांची तपासणी ठेवली होती. तेथे बायोथेसिओमीटर नावाच्या यंत्राने (त्याच्या थरथरणाऱ्या दांडीचा कंप बटणाने वाढवत जातात आणि तो ज्या आकड्याला कळतो तो टिपतात) त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा आकडा ३१ व्होल्ट आला आणि कागदावर 'जास्त धोका' असे लिहून मिळाले. फेब्रुवारीत लातूरच्या एका दवाखान्यात तशाच यंत्राने पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्याच अंगठ्याचा आकडा २२ आला आणि 'मध्यम धोका' असे सांगण्यात आले. मधल्या काळात औषध बदललेले नाही, साखरही साधारण तेवढीच आहे.

दोन्ही वेळा मी शेजारी उभी होते, म्हणून जे पाहिले ते लिहिते. पहिल्या ठिकाणी अप्पा चपला बाहेर काढून तासभर थंडगार शहाबादी फरशीवर रांगेत उभे होते. तपासणाऱ्या मुलाने यंत्राची दांडी अंगठ्याला लावली, "झिणझिण्या आल्या की सांगा" असे म्हटले आणि बटण भराभर फिरवले. अप्पांच्या पायांना झिणझिण्या दिवसरात्र असतातच, त्यामुळे ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले आणि बऱ्याच वेळाने "आता वळवळायलंय" असे म्हणाले. लातूरला मात्र तपासणाऱ्या ताईंनी दांडी आधी त्यांच्या मनगटाला लावून "असं लागलं की सांगा" म्हणून दाखवले, मग डोळे मिटायला लावले आणि तीन वेळा मोजले.

माझे प्रश्न असे आहेत. खरा आकडा कोणता मानावा? थरथर मोजायची असताना उत्तर व्होल्टमध्ये का येते? आणि हे यंत्र अप्पांचा पाय मोजते की त्यांनी दिलेले उत्तर?

आणखी एक सांगावेसे वाटते. किल्लारी आमच्यापासून दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर अप्पा कित्येक वर्षे जमिनीवरच झोपत, कारण भुईची बारीकशी थरथरही तळव्यांना आणि पाठीला आधी कळते, असे ते सांगत. त्याच तळव्यांशी आज मोबाईल थरथरला तरी त्यांना कळत नाही. म्हणून हा आकडा माझ्या जिवाला लागला आहे.

---

पायतपासणी, नांदेड

ताई, मी गेली अनेक वर्षे हीच तपासणी करतो, त्यामुळे आपण लिहिलेल्या बारीकसारीक गोष्टींतूनच उत्तर बरेचसे निघते. दोहोंपैकी मी दुसऱ्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवीन. परंतु पहिला आकडाही यंत्राची चूक नव्हती, तो त्या पायाचा त्या परिस्थितीतला आकडा होता.

सर्वांत आधी थंडी. कंप ओळखणाऱ्या त्वचेखालच्या कणिका गारठ्यात मंदावतात आणि आकडा वर चढतो. डिसेंबरात अनवाणी पायाने तासभर फरशीवर उभे राहिल्यावर बोटे किती गार झाली असतील, याचा विचार करा. आम्ही तपासणीपूर्वी रुग्णाला पंधरावीस मिनिटे पाय वर घेऊन बसवतो, पायांवर चादर घालतो आणि हात लावून पाय गार वाटला तर थांबतो. येथे एक विनंती आहे. पाय गरम करण्यासाठी कोणीही गरम पाण्यात बुडवू नयेत किंवा शेकोटीजवळ धरू नयेत, कारण ज्या पायाला कंप कळत नाही त्याला चटकाही कळेलच असे नाही, आणि अशा भाजण्यातून झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण फिरवण्याचा वेग. बटण सेकंदाला पाच व्होल्टने फिरवले आणि रुग्णाला कळून तोंडातून शब्द निघेपर्यंत दीड सेकंद गेला, तर आकडा सात-साडेसात व्होल्टने फुगलेला असतो. वयस्कर माणूस विचार करून बोलतो, म्हणून मी साधारण सेकंदाला एक व्होल्ट एवढ्याच वेगाने फिरवतो. तिसरी गोष्ट दाबाची. दांडी उभी धरून तिचे स्वतःचेच वजन अंगठ्यावर टेकू द्यायचे असते. हाताने दाबले तर कंप हाडापर्यंत पोचून आकडा कमी येतो आणि दांडी नीट टेकलीच नाही तर जास्त येतो. घट्टा पडलेल्या किंवा भेगाळलेल्या जागीही आकडा जास्त येतो, म्हणून शेतकऱ्याच्या टाचेवरून निष्कर्ष काढताना मी फार जपून असतो.

'झिणझिण्या' हा शब्द मात्र सर्वांत घातक ठरला, असे माझे मत आहे. ज्याच्या पायात मुळातच झिणझिण्या आहेत त्याला झिणझिण्या आल्या का असे विचारणे म्हणजे पावसात उभ्या असलेल्या माणसाला अंगावर शिंतोडा उडाला का असे विचारण्यासारखे आहे. मनगटावर किंवा कोपरावर आधी नमुना दाखवणे हाच योग्य मार्ग आहे.

धोक्याची सीमा कोठून आली तेही सांगतो. ब्रिटनमध्ये मधुमेहींचा काही वर्षे पाठपुरावा करून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा आकडा २५ व्होल्टच्या वर होता त्यांच्या पायाला जखम होण्याची शक्यता १५ च्या खाली असणाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळली. तेव्हापासून १५ पर्यंत कमी, १५ ते २५ मध्यम आणि २५ च्या वर जास्त, अशी विभागणी रूढ झाली. २२ आणि ३१ या सीमेच्या दोन बाजूंना पडतात, म्हणून कागदावरचा शब्द बदलला. अप्पांचा पाय दोन महिन्यांत सुधारला असे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते दोन्ही आकडे एवढेच सांगतात की पायाची काळजी आजपासून घ्यावी. रोज रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, कापूस वेचताना किंवा पाणी धरताना अनवाणी जाऊ नये आणि चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा तपासावा.

---

भौतिकशास्त्राचा मास्तर, अंबाजोगाई

व्होल्टविषयीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर शाळेतल्या विद्युतचुंबकाच्या धड्यात आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात दांडीच्या आत एक गुंडाळी असते आणि ती लोखंडाच्या तुकड्याला ओढते. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो. परंतु प्रवाह कोणत्याही दिशेने वाहिला तरी लोखंड ओढलेच जाते, त्यामुळे एका आवर्तनात दोन वेळा ओढ बसते आणि टोक सेकंदाला १०० वेळा थरथरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तेच यंत्र तेथे १२० हर्ट्झने थरथरते.

याच कारणाने दुसरी एक महत्त्वाची गोष्ट घडते. ओढ ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून टोकाच्या हालचालीचा आयाम, म्हणजे ते किती लांब हलते ते, व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २२ चा वर्ग ४८४ आणि ३१ चा वर्ग ९६१. म्हणजे आकड्यांत फरक नऊ व्होल्टचा दिसत असला तरी पहिल्या तपासणीत अप्पांना कंप जाणवण्यासाठी जवळजवळ दुप्पट हालचाल लागली होती. व्होल्ट हे पायाचे माप नसून बटणाच्या जागेचे माप आहे. पायाचे खरे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, व्हायला हवे. नव्या डिजिटल यंत्रांत आतली रचना वेगळी असू शकते, म्हणून दोन यंत्रांचे व्होल्ट एकमेकांशी ताडण्यापूर्वी त्यांच्यासोबतची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे.

आता त्वचेकडे वळू. आपल्या त्वचेत कंप ओळखणाऱ्या कणिका एकाच प्रकारच्या नाहीत. वरच्या थरात माइसनर कणिका असतात. त्यांना दहा ते पन्नास हर्ट्झच्या आसपासची मंद फडफड चांगली कळते. खोल थरात पॅचिनी कणिका असतात. इटलीतील फिलिप्पो पॅचिनी यांना त्या १८३१ मध्ये, वैद्यकाचे विद्यार्थी असताना, हाताचे विच्छेदन करताना दिसल्या. ही कणिका सुमारे एक मिलिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी असते आणि तिची रचना हुबेहूब कांद्यासारखी, पाकळीवर पाकळी अशी असते. कोणी बोट ठेवून नुसते दाबून धरले तर तो दाब या पाकळ्यांमध्ये जिरून जातो आणि मधल्या चेतातंतूपर्यंत पोचत नाही. परंतु दाब भराभर बदलू लागला की तो बदल पाकळ्यांतून थेट आत जातो. म्हणून अंगावरचा सदरा आपल्याला सारखा जाणवत नाही, आणि सदऱ्याच्या खिशातला फोन मात्र तत्काळ जाणवतो.

पॅचिनी कणिका २०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तल्लख असतात. निरोगी तरुण माणसाच्या बोटाच्या टोकाला त्या पट्ट्यात एका मायक्रॉनपेक्षाही कमी हालचाल कळते, आणि आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. वारंवारता आडव्या अक्षावर आणि जाणवण्यासाठी लागणारा किमान आयाम उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर उजव्या भागात इंग्रजी यू अक्षरासारखी दरी दिसते आणि तिचा तळ याच पट्ट्यात असतो. म्हणून "कंप किती कळतो" या प्रश्नाला "किती हर्ट्झचा कंप?" असे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

ताई, किल्लारीबद्दल लिहिताना माझाही हात थांबला. पण येथे एक भेद सांगणे मला आवश्यक वाटते. भूकंपात जमीन सेकंदाला फार तर काही वेळा हलते आणि ते हलणे तळव्यांच्या त्वचेइतकेच सांधे, स्नायू आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव यांना कळते. बायोथेसिओमीटर १०० हर्ट्झचा, म्हणजे प्रामुख्याने पॅचिनी कणिकांचा मार्ग तपासतो. त्यामुळे अंगठ्याचा आकडा वाढला म्हणून अप्पांना भुईची हालचाल कळणार नाही, असे मुळीच समजू नका.

---

कारखाना सुरक्षा, जालना

पायाऐवजी हाताच्या बाजूने थोडी भर घालतो. ग्राइंडर, ब्रेकर, दगड फोडण्याची यंत्रे वर्षानुवर्षे हातात धरणाऱ्या कामगारांची बोटे आधी मुंग्या येऊन बधीर होतात आणि पुढे थंडीत पांढरी पडतात. अमेरिकेतील ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणकामगारांत हा विकार तपासून १९१८ मध्ये मांडला होता. अशा कामगारांच्या बोटांच्या टोकांची कंपसंवेदना मोजण्यासाठी आयएसओ १३०९१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात ४, ३१.५ आणि १२५ हर्ट्झ अशा वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजणी अपेक्षित आहे. मास्तरांनी सांगितलेले वेगवेगळ्या कणिकांचे मार्ग असे स्वतंत्रपणे तपासले जातात. एकाच वारंवारतेवर मोजले तर एक मार्ग बिघडलेला असूनही निसटू शकतो.

या मोजणीत टोकाचा व्यास, त्याच्याभोवतीची स्थिर कडा, बोटाने द्यायचा दाब आणि त्वचेचे तापमान हे सगळे ठरवून दिलेले असते. टोक मोठे केले की पॅचिनी कणिकांना कंप अधिक सहज कळतो, कारण अनेक कणिकांचे संदेश एकत्र येतात. म्हणून दोन वेगवेगळ्या व्यासांच्या टोकांनी घेतलेले आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. कामगार नुकताच यंत्रावरून उठून आला असेल तर त्याची बोटे तात्पुरती बधिरलेली असतात, म्हणून पुरेशी विश्रांती दिल्याशिवाय मोजत नाहीत. अप्पा एसटीने किंवा ट्रॅक्टरवरून आले असतील तर तोही विचार मनात येतो, परंतु त्यानंतर ते तासभर रांगेत उभे होते म्हणजे तो परिणाम बहुतेक ओसरला असेल. मलाही थंडीचेच कारण मोठे वाटते.

---

मानसशास्त्र, छत्रपती संभाजीनगर

आपला तिसरा प्रश्न, की यंत्र पाय मोजते की उत्तर, तो आमच्या शास्त्राचा पायाच आहे. जर्मनीतील गुस्ताफ फेश्नर यांनी १८६० मध्ये संवेदना मोजण्याच्या पद्धतींची मांडणी केली, तेव्हापासून हाच प्रश्न सोडवण्यासाठी नवनव्या युक्त्या काढल्या गेल्या आहेत.

नांदेडच्या मित्रांनी तीन वेळा मोजलेल्या दुसऱ्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवला, त्या बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. तीन वेळा मोजून सरासरी काढली, तरी तिन्ही वेळा बटण शून्यापासून वरच फिरवले असेल, तर तिन्ही आकडे एकाच बाजूला झुकलेले असतात आणि सरासरीने तो झुकाव जात नाही. त्यावर उपाय असा की एकदा खालून वर जाऊन कंप केव्हा जाणवू लागला ते टिपावे, आणि लगेच मोठ्या कंपापासून खाली येत तो केव्हा नाहीसा झाला ते टिपावे. उत्तराला लागणारा उशीर पहिल्या आकड्याला वाढवतो आणि दुसऱ्याला घटवतो, म्हणून दोहोंचा मध्य सत्याच्या अधिक जवळ असतो. जॉर्ज फॉन बेकेशी, ज्यांना कानाच्या आतील कार्यावरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल मिळाले, त्यांनी यासाठी बटण रुग्णाच्याच हाती दिले होते: जाणवत आहे तोवर दाबून धरावे, नाहीसे झाले की सोडावे, यंत्र आपोआप कंप कमी-जास्त करत राहते आणि कागदावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटते, तिच्या मध्यातून उंबरठा, म्हणजे जेमतेम जाणवणारा कंप, काढतात.

तरीही एक गोष्ट उरते. काही माणसे खात्री पटल्याशिवाय "हो" म्हणत नाहीत आणि काही माणसे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून लवकर "हो" म्हणतात. आपल्याकडची वडीलधारी मंडळी डॉक्टरांचा मान राखतात, त्यामुळे हा भाग मी क्षुल्लक मानत नाही. त्यासाठी मधूनच कंप न देता विचारून पाहतात. तेव्हाही "लागतंय" असे उत्तर आले तर त्या मोजणीवर विसंबता येत नाही. याहून काटेकोर पद्धत म्हणजे दोन खेपा द्यायच्या, त्यांपैकी एकीतच कंप असतो, आणि "पहिल्या खेपेला होता की दुसऱ्या?" एवढेच विचारायचे. येथे "हो" किंवा "नाही" म्हणण्याचा प्रश्नच उरत नाही, नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात आणि त्याहून जास्त बरोबर आली तर ती त्वचेने दिलेली असतात. सलग दोन उत्तरे बरोबर आली की कंप कमी करायचा आणि एक चुकले की वाढवायचा, अशी पायऱ्यांची रीत ठेवली तर मोजणी सुमारे ७१ टक्के उत्तरे बरोबर येतात त्या पातळीवर स्थिरावते.

---

पायतपासणी, नांदेड

मतभेद मान्य आहे आणि खाली येताना मोजण्याची सूचना मी उद्यापासूनच अमलात आणीन. दोन खेपांची पद्धत मात्र एका अंगठ्याला दहा मिनिटे घेते. बाहेर रांग असताना आणि माणूस पहाटेचा उपाशी आलेला असताना दहाव्या मिनिटाला त्याचे लक्षच उडते, आणि मग ती अचूकता कागदावरच राहते. शिबिरात १२८ हर्ट्झचा नादकाटा आणि दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, एवढ्यावर आधी चाळणी करावी आणि शंका असलेल्यांनाच शांत खोलीत यंत्राने मोजावे, असे माझे मत झाले आहे.

ताई, दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचारा. कंपाचा संदेश जाड चेतातंतूंतून आणि पाठीच्या कण्याच्या मागच्या भागातून मेंदूकडे जातो, आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर तोच मार्ग बिघडतो. अप्पा शाकाहारी असतील आणि अनेक वर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत असतील, तर रक्तातील ब-१२ तपासून घेणे योग्य ठरेल. दुसरे असे की जळजळ, चटका आणि टोचणे यांचे तंतू बारीक व वेगळे असतात. कंपाचा आकडा चांगला आला तरी त्यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

---

औशाची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी अप्पांना संध्याकाळी ओसरीवर बसून वाचून दाखवली. कांद्यासारख्या कणिकेचे वर्णन त्यांनी दोनदा वाचायला लावले.

काल पुन्हा लातूरला गेलो होतो. दुपारची वेळ होती, पाय ऊबदार होते आणि ताईंनी माझी विनंती ऐकून बटण सावकाश दोन्ही बाजूंनी फिरवले. उजव्या अंगठ्याला वर जाताना २५, २४, २५ आणि खाली येताना २१, २०, २१ असे आकडे आले. मध्ये दोनदा कंप न देता विचारले, तेव्हा अप्पा दोन्ही वेळा "काही नाही" असे म्हणाले. अप्पा माळकरी आहेत आणि मेटफॉर्मिन बारा वर्षांपासून चालू आहे, हे ऐकून डॉक्टरांनी लगेच ब-१२ साठी रक्त काढले. अहवाल सोमवारी मिळणार आहे. वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, यंत्राचे नाव, पाय गार होता की ऊबदार, आणि वर-खाली असे सहाही आकडे लिहून ठेवले आहेत, आणि डिसेंबरचे ३१ सुद्धा त्याच पानावर "गार फरशी, झिणझिण्या विचारल्या" अशी नोंद करून ठेवले आहे.

ब-१२ चा अहवाल आला की येथेच कळवीन.